रविवारची चौकडी

मन शांत करतो असं सांगणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास नाही. चहा असो, बुवा असो, नाहीतर गाणं असो. शांत करायचं म्हणजे मी अशांत आहे हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं, आणि ते त्याला कुणी सांगितलं, हा माझा पहिला प्रश्न असतो. आमच्या घरात संशय दुधासारखा रोज लागतो. भाजीवाल्याचा काटा, औषधाच्या पाकिटावरची तारीख, शेजारणीचं अचानक गोड बोलणं, सगळं आम्ही दोनदा तपासतो. हा गुण मला आईकडून आला. तिला तो कुणाकडून आला हे विचारायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले की आईचं ब्लडप्रेशर दुपारी चढतं, तिला जरा पडून राहू द्या, काहीतरी शांत ऐकवा. माझी लेक सई घरूनच कंपनीचं काम करते. तिने लगेच आजीच्या उशाशी मुठीएवढा स्पीकर ठेवला आणि फोनवरून काहीतरी लावून दिलं. मी ओट्यावरची भांडी आवरत होते. आधी वाटलं, सोसायटीचा पाण्याचा पंप लागला. मग तो आवाज लांबत गेला, त्याच्या खालून दुसरा निघाला, दुसऱ्याला तिसऱ्याने धरलं, आणि माझ्या नाकात राळेचा वास आला. आमच्या घरात राळ कुठून असणार? पण आला, अगदी डब्याचं झाकण उघडल्यासारखा आला. मी हात पुसत बाहेर गेले.

फोनवर लिहिलं होतं, विश्रांती आणि चिंतनासाठी संथ स्ट्रिंग क्वार्टेट. म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो, आणि घाई कुणालाच नाही. आई डोळे टक्क उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडली होती. ही बाई समोरच्या इमारतीत दुपारी दीड वाजता मिक्सर लागला तर सेक्रेटरीला फोन करते. त्यात हे संगीत, म्हणजे तर घरात ज्याचं नाव काढायची चोरी. तरी ती बंद करा म्हणाली नाही. मला तेव्हाच वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

माझे बाबा व्हियोला वाजवायचे. व्हायोलिनपेक्षा अंगाने जरा थोराड, आवाजाने घोगरं असं ते वाद्य. दिवसभर सरकारी कचेरीत नकाशे काढणारा, मान खाली घालून जेवणारा माणूस. त्यांचं लहानपण पुण्याच्या कॅम्पात गेलं होतं, तिथे लष्करी बँडातून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी त्यांच्या हातात ते वाद्य दिलं, आणि लग्न, नोकरी, कर्वेनगरचा फ्लॅट, एवढं सगळं होऊनही ते हातातून सुटलं नव्हतं. रविवारी जेवण झालं की बाबा बोटांना आमटीचा वास राहू नये म्हणून साबणाने हात धुवायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि पेटी उचलायचे. मग मी आणि ते बसने कॅम्पात. पेटी कधी खाली ठेवायची नाही. कंडक्टर म्हणाला तरी नाही. ती त्यांच्या मांडीवर, माझा हात पेटीवर, आणि आत धनुकलीला घासायच्या राळेची डबी आणि डांबराच्या गोळ्या खडखडताहेत.

मला का न्यायचे? बाबा म्हणायचे, तिला आवडतं. आई म्हणायची, मला एक दुपार तरी झोपू द्या. मला मात्र लहानपणीच शंका होती की माझी नेमणूक झालेली आहे.

चर्चच्या मागे एक बैठा हॉल होता. फरशीला लावायच्या मेणाचा वास, जुन्या प्रार्थनापुस्तकांचा दमट वास, आणि खिडकीतून पलीकडच्या बेकरीचा. थंडीत दुपारचं ऊन रंगीत काचांतून फरशीवर उतरायचं आणि मी त्या लाल-निळ्या तुकड्यांत पाय ठेवून बसायची. पावसाळ्यात तारा ओल्या हवेने उतरायच्या, त्या लावण्यातच अर्धी दुपार जायची, आणि मला ते लावणंच जास्त आवडायचं. चौघे आपापले स्वर शोधत असायचे, कुणाचंच कुणाला लागत नसायचं, मग एकदम चारही आवाज एका जागी येऊन बसायचे. झरोक्यातली पारवी तेवढ्यापुरती गप्प व्हायची.

चौघांत म्होरके फर्नांडिस सर. मुलांना पियानो शिकवायचे, पण स्वतःचा जीव व्हायोलिनवर. दुसरं व्हायोलिन सोराबकाकांचं. घड्याळं दुरुस्त करणारे पारशी गृहस्थ, आणि त्यांची बोटं संधिवाताने आखडलेली. भरभर काही आलं की सोराबकाका मागे राहायचे आणि स्वतःलाच गुजरातीतून शिव्या घालायचे. म्हणून फर्नांडिस सरांनी वाटच बदलली. रचना कुठलीही असो, तिचा संथ भाग तेवढा घ्यायचा, जलद भाग जगातल्या बाकीच्यांना सोडून द्यायचे. त्यामुळे मला कितीतरी वर्षं वाटायचं की हे संगीत असतंच असं, जेवून आलेल्या माणसांनी वाजवायचं.

चौथ्या एडना मिस. शाळेत शिकवायच्या, चेलो वाजवायच्या. गुडघ्याखाली येणारा फ्रॉक, केसांत एक करडी बट, पर्समध्ये पेपरमिंट. मला बघितलं की विचारायच्या, "तू जेवला?" मी हो म्हटलं तरी आल्याचं बिस्किट द्यायच्या.

घरी आल्यावर संध्याकाळी आई माझ्या डोक्याला तेल लावायची आणि तेलाबरोबर प्रश्न मुरवायची. खायला काय होतं? कुणी आणलं होतं? कोण कुठे बसतं? बाबांच्या शेजारी कोण? मी सांगायची. एकदा तिने विचारलं, ते एवढं मोठं वाद्य त्या धरतात तरी कशा? मी उत्साहाने लोड घेतला, स्टुलावर बसले, आणि दोन गुडघ्यांमध्ये धरून दाखवला. आईने माझ्या हातून लोड घेतला, झटकला, जागेवर ठेवला. "चांडाळ चौकडी," म्हणाली, आणि वेणी इतकी घट्ट घातली की रात्रभर कपाळ ओढत होतं.

आईचं गाणं म्हणजे तिच्या माहेरचं भजन. तिथे गाणारा डोळे मिटून गातो. डोळे मिटले म्हणजे देवाकडे लक्ष, उघडे म्हणजे लोकांकडे, एवढा साधा हिशेब. तबलजी समेवर येतो, सगळ्यांच्या माना हलतात, कुणाला कुणाकडे बघायची गरज पडत नाही. हे मी आत्ता सांगते आहे, तेव्हा मला ह्यातलं काही कळत नव्हतं.

नाताळच्या आठवड्यात फर्नांडिस सरांनी घरच्या मंडळींना बोलावलं. छोटासाच कार्यक्रम, तीस-चाळीस खुर्च्या, कागदी पताका, मोठ्या किटलीत कॉफी. आई नारायणपेठ नेसून आली आणि पहिल्या रांगेत बसली. आणि तिने ते बघितलं. चौघे बसले. धनुकल्या तारांवर टेकल्या. कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही, कुणी टाळी दिली नाही. बाबांनी मान वर केली आणि समोर एडना मिसकडे बघितलं. त्यांनी बाबांकडे. दोघांनी एकदम श्वास घेतला, पार खांदे वर जातील असा, आणि वाजवायला लागले. संथ वाजवताना व्हियोला आणि चेलो खालून धरून ठेवतात, वरची दोन व्हायोलिनं काय ते सांगत बसतात. त्यामुळे दर थोड्या वेळाने पुन्हा तेच. बघायचं, श्वास घ्यायचा, धरायचं. माझे बाबा, जे घरी आईकडेसुद्धा बघून बोलत नसत, ते असे बघत होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई भात वाढत होती. बाबांच्या पानात भाताची मूद पडली आणि तिने विचारलं, "अहो, नोटेशन तुमच्या समोर कागदावर असतं, की त्या बाईंच्या डोळ्यांत लिहिलेलं असतं?"

बाबांनी भात कालवला. वरण जरा अजून मागितलं. पुढच्या रविवारी ते गेले नाहीत.

त्याच्या पुढच्याही गेले नाहीत. पेटी लोखंडी कपाटावर चढली, तिच्यावर एक जुनी चादर आली, चादरीवर दिवाळीच्या आकाशकंदिलाचं खोकं. फर्नांडिस सर एकदा आमच्याकडे आले. तीन जिने चढून दम लागला होता त्यांना. आईने चहा दिला, चिवडा दिला, पाहुणचारात काही कमी केलं नाही. बाबा म्हणाले, वेळ होत नाही हल्ली. कचेरीत कामाचा बोजा. सर चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत राहिले, मग हळूच म्हणाले, तिघांनी काय वाजवायचं? मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. जाताना त्यांनी माझा गाल थोपटला, त्यांच्या बोटांनाही राळेचाच वास होता.

आमच्या रविवारच्या दुपारी मग इतरांसारख्या झाल्या. रेडिओ, झोप, चार वाजताचा चहा. बेकरीचा वास गेला, फरशीवरचे रंगीत तुकडे गेले, आल्याचं बिस्किट तर पुढे कितीदा विकत आणलं, पण ते काही ते नव्हे. बाबा गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसायचे. पान फार वेळाने उलटायचे. कधीकधी डाव्या हाताची बोटं पेपरच्या कडेवर हलायची, आणि मी आईकडे बघायची की तिला दिसतंय का. तिला सगळंच दिसायचं. सोराबकाका पुढे गेले, सर गेले, एडना मिस भावाकडे परदेशी गेल्या असं कानावर आलं. बाबाही गेले. व्हियोला आम्ही एका शाळेला देऊन टाकला.

आणि मग, बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, आईच्या उशाशी तो स्पीकर आल्यावर, सईने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी थंड देशातली चार माणसं, काळ्या कपड्यांत. कॅमेरा अगदी तोंडाजवळ. चौघांनी मान वर केली, एकमेकांकडे बघितलं, चौघांच्या नाकपुड्या फुलल्या, श्वासाचा आवाजसुद्धा आला, आणि स्वर निघाला. मी विचारलं, हे असे बघतात काय? सई म्हणाली, "मम्मा, नाहीतर सुरू कसं करणार? पुढे हात हलवणारं कुणी नसतं ना. डोळ्यांनीच ठरवायचं."

मी फोन खाली ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. रागाने. कुणावर राग, ते नक्की सांगता येणार नाही. आणि तोंड धुताना आमच्या घराण्याला शोभेल असाच विचार मनात आला, की सगळे बघतात म्हणून त्या दोघांच्या बघण्यात काहीच नव्हतं, असं थोडंच सिद्ध होतं? संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही. पण एक ठरवलं. हे आईला कळता कामा नये. आपलं बरोबर होतं, ह्या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं जगली. ऐंशीच्या पुढे तिला जाऊन सांगायचं, की ती त्या वाद्यांची रीतच होती, तू त्यांची रविवारची दुपार फुकट हिसकावून घेतलीस? माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. स्पीकरवर ऐकायला माझी काही हरकत नव्हती. स्पीकरवर डोळे दिसत नाहीत.

पण सईच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिची कुणी मैत्रीण व्हियोला वाजवते, कॅम्पातल्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम आहे, असं ती आजीच्या पायाशी बसून सांगून मोकळी झाली. आई म्हणाली, "मी येते." आम्ही दोघी बघतच राहिलो. ही बाई बँकेत यायला तयार नसते. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं, गर्दीचं सांगितलं, धुळीचं सांगितलं. आईने नारायणपेठ काढून पलंगावर ठेवली. ही येते आहे ती कशासाठी, बघायला की खात्री करायला, मला काही ताकास तूर लागू देईना.

हॉल तोच निघाला. आता त्याला वातानुकूलन होतं आणि रंगीत काचांवर जाड पडदे. मेणाचा वास नव्हता, कसला तरी फुलांचा अत्तरी वास होता. खुर्च्या नव्हत्याच. गाद्या, लोड, बॅटरीवर लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या. लोकांनी गाद्यांवर आडवं व्हायचं आणि संगीत अंगावरून जाऊ द्यायचं, असा बेत होता. आईने भर सभेत विचारलं, "दवाखाना आहे का?" तेव्हा कुठून तरी तिच्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची आली. मी तिला मुद्दाम खांबाच्या आड बसवली, म्हटलं, इथे एसीचा झोत लागत नाही.

मग एक गोड आवाजाची मुलगी पुढे आली आणि म्हणाली, आता सगळ्यांनी डोळे मिटून घ्या. मला त्या मुलीची अलाबला घ्यावीशी वाटली. सगळा हॉल डोळे मिटून पडला. मीही मिटले, आणि एक किलकिला ठेवून आईकडे बघितलं. आईने खुर्ची उचलली, दोन्ही हातांनी, गुडघे दुखत असताना, आणि खांबाच्या बाहेर आणून ठेवली. मी तिचा हात धरला, डोळे मिट म्हणून खूण केली. "मी बघायला आलेय," ती म्हणाली, कुजबुजून नव्हे.

दोन मुलं, दोन मुली. सईच्याच वयाची, कुणी कुर्त्यात, कुणी जीन्समध्ये. चेलो एका दाढीवाल्या मुलाकडे होता. धनुकल्या टेकल्या. व्हियोलावाल्या मुलीने मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं, त्याने तिच्याकडे, मग दोघांनी पहिल्या व्हायोलिनवाल्याकडे, त्याने दुसऱ्या व्हायोलिनवालीकडे. चौघांनी श्वास घेतला. स्वर इतका हळू आला की सुरू कधी झाला कळलं नाही. सबंध हॉलमध्ये आम्ही दोघीच बघत होतो. आईची हनुवटी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसरीकडे जात होती, गहू निवडावेत तशी ती एकेकाला निवडत होती. रचना संपली, दुसरी लागली. पुन्हा बघणं, पुन्हा श्वास. मला वाटलं ती उठेल. ती उठली नाही. एकदा मात्र चौघांबरोबर तिनेही श्वास घेतला, तिचा पदर हललेला मी पाहिला. मला ते संगीत किती सुंदर वाटलं आणि त्याचा किती राग आला, हे एकाच वेळी होतं.

बाहेर चपला घालताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला. "सगळेच बघतात गं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"तुला माहीत होतं."

मी पुन्हा हो म्हटलं. तिने फक्त चपलेचा अंगठा नीट केला. सई मैत्रिणींबरोबर मागे थांबली, आम्ही दोघी रिक्षात बसलो. स्वारगेट गेलं, दांडेकर पूल गेला. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिने विचारलं, "मग हे भांडले का नाहीत?"

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, तिने ती गोष्ट तिच्या बाजूने सांगितली. ती एकच वाक्य बोलली होती. त्यावर आठवडाभर वाट बघितली की हे आता चिडतील, ताट सारतील, तुला काही अक्कल आहे का म्हणतील. रविवारी तिनेच पांढरा शर्ट इस्त्री करून पलंगावर काढून ठेवला होता, नेहमीसारखा. जेवण झाल्यावर बाबांनी तो शर्ट बघितला, उचलला, कपाटात अडकवला, आणि पेपर घेऊन गॅलरीत बसले. पुढच्या रविवारी तिने परत काढून ठेवला. त्यांनी परत अडकवला. पाऊस लागेपर्यंत हे असंच चाललं होतं, दोघंही त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हा तिची खात्री पटली, की खरंच आहे म्हणून. कर नाही त्याला डर कशाला? ज्याच्या मनात काही नसतं तो भांडतो. हा माणूस नुसता पेपर वाचत बसला.

मी म्हटलं, अगं, मग तू म्हणायचंस, जा म्हणून. तिने माझ्याकडे असं बघितलं, की इतकी शिकून हिला एवढंही कळू नये. म्हणाली, मी कशी म्हणणार? मी तर बोलून बसले होते.

राजाराम पुलावर नदीचा वास आला. तिने पदर नाकाला लावला, आणि पदराआडूनच म्हणाली, "एकदा म्हणायला हवं होतं त्यांनी, तू गप्प बस म्हणून. मी बसले असते."